पोस्टरं मोजू नका, लोकांना काय कळलं ते मोजा

महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिकांच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त महोदय / महोदया,



अंदाजपत्रकाचे दिवस आले की प्रत्येक विभागाकडून पुढच्या वर्षाची उद्दिष्टं मागवली जातात. रस्ते किती किलोमीटर, नळजोडण्या किती, करवसुली किती कोटी. जनसंपर्क कक्षात किंवा आरोग्य विभागाच्या प्रसिद्धी शाखेत बसणाऱ्या चार-पाच ग्राफिक डिझायनरांच्या वाट्यालाही एक रकाना येतो. त्यात बहुधा लिहिलेलं असतं: महिन्याला इतक्या पोस्ट, इतके बॅनर, इतकी होर्डिंग. उपयोजित कलेच्या क्षेत्रात माझं आयुष्य गेलं, आधी छापखान्यात, मग जाहिरात संस्थेत आणि पुढे सरकारी प्रसिद्धीच्या कामात. त्या एका रकान्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तो बदलला तर शहरातल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात फरक पडेल, अशी माझी खात्री आहे.

डिझाइन ही कला आहे, तिला फूटपट्टी लावू नका, असं म्हणणारी पुष्कळ माणसं आमच्या क्षेत्रात आहेत. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. जनतेच्या पैशातून होणारं काम मोजलंच पाहिजे. पाणीकपातीची सूचना, डेंग्यूचं पोस्टर, लसीकरणाची तारीख, मालमत्ता करातली सवलत, पावसाळ्यातला मदत क्रमांक, हे सगळं नागरिकापर्यंत आधी कागदावरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून पोचतं आणि मग कर्मचाऱ्याच्या तोंडून. ते नीट पोचलं का, हे तपासण्याची सोय महापालिकेकडे असायलाच हवी. आजचा रकाना मात्र ते तपासत नाही. डिझायनरचे हात किती वेळा हलले, एवढंच तो मोजतो.

अशा मोजणीचा परिणाम काय होतो, ते मी जवळून पाहिलं आहे. महिन्याचा आकडा गाठायचा असला की गुढीपाडवा, जयंती, पुण्यतिथी, जागतिक अमुक दिन यांच्या पोस्ट आधी उरकल्या जातात. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, झालं. डेंग्यूच्या पत्रकासाठी आरोग्य अधिकाऱ्याची वेळ घ्यावी लागते, वस्तीत जाऊन यावं लागतं, चित्रं नव्याने काढावी लागतात. तीन दिवस खपून त्याचा आकडा एकच धरला जातो, म्हणून ते मागे पडतं. लाइक मोजायला लागलो तरी हीच गत. सणाच्या शुभेच्छांना शेकडो लाइक मिळतात आणि गुरुवारी पाणी येणार नाही ही सूचना कुणाला आवडत नाही, पण शहराला गरज त्या सूचनेचीच असते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली पतधोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं होतं. ते आज सगळ्याच क्षेत्रांत लागू पडताना दिसतं: एखादं मोजमाप हेच लक्ष्य झालं की त्याची मोजमाप म्हणून किंमत उरत नाही.

चुकीचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं तर काय होतं, याचं एक उदाहरण डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. अमेरिकेत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका तयार होत होती. उमेदवार बरेच होते आणि तिथे वयस्क मतदार मोठ्या संख्येने राहतात. निवडणूक अधिकाऱ्यांनी विचार केला की अक्षर मोठं हवं. म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली आणि मत देण्यासाठी भोकं पाडायची रांग मधोमध ठेवली. अक्षर खरोखरच मोठं झालं. पण डाव्या पानावर अल गोर यांचं नाव दुसरं होतं आणि त्यांचं भोक तिसरं होतं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं होतं. त्या काउंटीत ब्यूकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. एवढी मतं आपली असणं शक्य नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. एकापेक्षा जास्त भोकं पाडल्यामुळे १९ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. संपूर्ण फ्लोरिडात जॉर्ज बुश यांची अंतिम आघाडी होती ५३७ मतांची. ‘अक्षर मोठं करा’ हे उद्दिष्ट मोजता येण्यासारखं होतं, हेतू चांगला होता आणि ते पूर्णही झालं. ‘मतदाराला आपल्या उमेदवाराचं भोक पहिल्या नजरेत सापडलं पाहिजे’ हे उद्दिष्ट मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

तेव्हा उद्दिष्ट वाचणाऱ्याकडे बघून लिहा, ही माझी पहिली आणि मुख्य विनंती. ते कसं लिहिता येईल हे आता मांडते.

सर्वांत आधी कळणं. आपल्याकडचं डेंग्यूचं नेहमीचं पोस्टर डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी भलामोठा डास, वर लाल अक्षरात ‘डेंग्यूपासून सावध राहा’, खाली पदाधिकाऱ्यांचे फोटो. ते पाहून घरी गेलेल्या बाईने नेमकं काय करायचं? डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. आपण ज्याला कोरडा दिवस म्हणतो तो हाच. फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर, अंगणातल्या करवंट्या या जागा पोस्टरवर दिसायला हव्यात. छापायच्या आधी हे पोस्टर नागरी सुविधा केंद्राच्या रांगेतल्या वीस माणसांना दाखवा, काढून घ्या आणि तीन प्रश्न विचारा. घरात काय करायचं? किती दिवसांनी? कोणत्या जागा तपासायच्या? मग उद्दिष्ट असं लिहिता येतं: ‘पावसाळी मोहिमेचं कोणतंही पोस्टर, विचारलेल्या दहापैकी किमान आठ जणांनी तिन्ही उत्तरं बरोबर दिल्याशिवाय छपाईला जाणार नाही.’

हा माझ्या मनातला आदर्शवाद नाही. धोक्याच्या चिन्हांसाठी अमेरिकेत एएनएसआय या मानक संस्थेचं जे मानक आहे, त्यात चिन्ह पाहणाऱ्यांपैकी किमान ८५ टक्के लोकांनी त्याचा अर्थ बरोबर सांगावा अशी अपेक्षा आहे. बरोबरीने आणखी एक अट आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते: अगदी उलटा, घातक ठरेल असा अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. आपल्या कचरा वर्गीकरणाच्या पोस्टरला ही दुसरी अट लावून पाहा. ‘ओला’ आणि ‘सुका’ बहुतेकांना कळतं. पण फुटलेली काच, संपलेले सेल, वापरलेलं सॅनिटरी पॅड कुठे टाकायचं हे विचारा. डबा चुकला तर तो कचरा सफाई कामगाराच्या उघड्या हातात जातो. म्हणून चुकीची उत्तरं किती आली आणि कोणत्या प्रश्नाला आली, याची नोंद बरोबर उत्तरांइतकीच काळजीने ठेवायला हवी.

दुसरं, वाचता येणं. लांबून अक्षर दिसतं का, ही मोजायला सोपी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९५७ पासून पुढच्या काही वर्षांत जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनरांनी रस्त्यावरच्या पाट्या नव्याने घडवल्या. १ जानेवारी १९६५ पासून त्या देशभर लागू झाल्या. त्या काळात अक्षरांची चाचणी बेन्सन इथल्या विमानतळावर झाली. माणसं समोर बसलेली, गाडीच्या टपावर पाटी बांधलेली, गाडी त्यांच्या दिशेने येते आहे आणि पाटी कुठल्या अंतरावरून वाचता आली याची नोंद होते आहे. आपल्याला विमानतळाची गरज नाही. होर्डिंगचा नमुना एकदा मोकळ्या मैदानात उभा करा आणि दुचाकीवरून येणाऱ्याला मुख्य ओळ किती मीटरवरून वाचता येते ते टेपने मोजा. बसथांब्यावरच्या पाटीसाठी वेगळं अंतर ठरेल, रुग्णालयातल्या पाटीसाठी वेगळं.

इथे देवनागरीची स्वतःची मागणी असते. इंग्रजी आधी मांडायचं आणि मग मराठी त्याच चौकटीत कोंबायचं, अशी पद्धत पडली की ओळींमधलं अंतर आखडतं. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला चिकटतो, अनुस्वार गायब होतो, ‘ऱ्या’ फुटतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं मोडतात आणि तशीच छापली जातात. उतारवयातल्या वाचकाला हे सगळं धूसर दिसतं. त्यासाठी दोन आकडे पुरतील. छापून किंवा प्रसिद्ध होऊन बाहेर पडलेल्या कामांत शुद्धलेखनाच्या आणि अक्षरं तुटल्याच्या चुका किती, हा पहिला. तो शून्यावर आणायचा. दुसरा आकडा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उठावाचा. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ असावं लागतं. भारत सरकारच्या संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही तोच पाया स्वीकारला आहे. पिवळ्यावर पांढरं अक्षर या कसोटीत लगेच नापास होतं, आणि तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही.

तिसरं, वाट सापडणं. एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या खिडकीजवळ मी एक सकाळ उभी होते. डोक्यावर पाटी होती. तिच्यावर बावीस विभागांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, मजल्यांच्या क्रमाने लिहिलेली होती. खिडकीतल्या ताईंना मात्र लोक एकामागून एक तेच विचारत होते: ‘एक्स-रे कुठे काढतात?’ ‘औषधं कुठे मिळतात?’ ‘रक्त कुठे द्यायचं?’ पोटाशी मूल धरलेली एक बाई सांगितलेल्या दिशेने गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच खिडकीशी आली. लोक विभाग शोधत नव्हते, हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं काम शोधत होते. पाटी ‘क्ष-किरण विभाग’ म्हणत होती. इथे मोजमाप आयतं समोर असतं. खिडकीवर तासाला ‘कुठे’ असा प्रश्न किती वेळा येतो, याच्या खुणा आठवडाभर कागदावर करा. मग पाट्या बदला आणि पुन्हा आठवडाभर मोजा. ‘तीन महिन्यांत ही विचारणा निम्म्यावर आणायची’ हे डिझाइन चमूसाठी उत्तम उद्दिष्ट आहे. खिडकीतल्या ताईंचा आवाज वाचेल आणि रांगही लवकर सरकेल.

चौथं, एकसारखेपणा. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण १९६० च्या दशकात आला. वाचता न येणाऱ्या माणसालाही तो ओळखता यावा म्हणून भिंती, दवाखाने, पत्रकं, सगळीकडे एकच आकार आणि एकच रंग ठेवला गेला. आजही आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तो लगेच कळतो. आपण ओल्या कचऱ्याला हिरवा आणि सुक्याला निळा रंग ठरवला आहे. आता घंटागाडीचे कप्पे, सोसायटीतले डबे, पोस्टर, पोस्ट आणि शाळेत वाटलेलं पत्रक एकमेकांशेजारी ठेवून पाहा. कुठे दोन्ही डबे हिरवे दिसतील, तर कुठे रंग उलटे. तिमाहीत एकदा सगळं साहित्य एका टेबलावर मांडायचं आणि ठरलेला रंग, चिन्ह आणि शब्द किती ठिकाणी पाळले आहेत याची टक्केवारी काढायची. हे काम एका दुपारी होतं.

पाचवं उद्दिष्ट डिझायनरांसाठी नसून त्यांच्याकडे काम पाठवणाऱ्यांसाठी आहे, आणि आयुक्त म्हणून आपला हात इथेच सर्वांत जास्त लागणार आहे. डिझाइनला लागणारा वेळ पुष्कळदा डिझाइनमध्ये जातच नाही. संध्याकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट मजकूर येतो, ‘उद्या सकाळी लागणार’ असा निरोप येतो, रात्री आर्टवर्क जातं. सकाळी एक अधिकारी मजकूर बदलतो, दुपारी दुसरा रंग बदलतो, चौथ्या करेक्शननंतर कार्यक्रमाची तारीखच बदलली असल्याचं कळतं. फाइलचं नाव ‘फायनल’, मग ‘फायनल २’, मग ‘फायनल नवीन’ होत जातं. अशा धावपळीत कुणाला दाखवून पाहणार आणि कुणाला प्रश्न विचारणार? म्हणून तीन आकडे विभागांच्या नावावर लिहा. पूर्ण मजकूर, वाचक कोण आणि त्याने काय करावं, हे सांगून आलेली कामं किती? मजकूर अंतिम झाल्यावर झालेली करेक्शन सरासरी किती? चोवीस तासांच्या आत मागितलेली कामं एकूण कामांत किती टक्के? दर महिन्याच्या आढावा बैठकीत हे आकडे विभागवार पडद्यावर दाखवा. पहिल्या दोन बैठकांतच सवयी बदलायला लागतील.

याच संदर्भात फोटोंविषयीही बोलायला हवं. सरकारी जाहिरातींत कोणाचे फोटो असावेत यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये मर्यादा घातल्या आणि मार्च २०१६ मध्ये त्या काहीशा सैल केल्या. कायदेशीर चौकट तिच्या जागी आहेच. डिझायनर म्हणून मला दिसतो तो जागेचा प्रश्न. पोस्टरच्या क्षेत्रफळापैकी किती भाग नागरिकाने काय करायचं हे सांगण्यात गेला, हे मोजता येतं. आरोग्य आणि आपत्तीच्या साहित्यात तो भाग निम्म्याहून कमी नसावा, असा नियम आपल्या सहीने निघू शकतो. कंत्राटावरचा डिझायनर पदाधिकाऱ्याला ‘फोटो लहान करा’ म्हणू शकत नाही. त्याच्या हातात आपला लेखी नियम असला तर म्हणू शकतो.

आता मोजमापाच्या मर्यादांविषयी. गुगलचे दृश्य डिझाइनप्रमुख डग्लस बोमन यांनी २००९ साली नोकरी सोडली. निळ्याच्या ४१ छटांपैकी कुठली निवडायची हे चाचणी घेऊन ठरवलं जातं, रेषेची जाडी किती पिक्सेल असावी हे आकड्यांनी सिद्ध करावं लागतं, अशा वातावरणात काम करता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं दुखणं खरं होतं. प्रत्येक बारीक निर्णयाला पुरावा मागितला की माणूस निर्णय घ्यायचंच सोडतो. बेन्सनच्या चाचण्यांची पुढची हकीकत इथे उपयोगी पडते. डेव्हिड किंडर्सली यांनी काढलेली पर्यायी अक्षरं अंतराच्या परीक्षेत किंचित सरस ठरली होती, पण फरक अगदी थोडा होता. शेवटी निवड झाली ती किनीर आणि कॅल्व्हर्ट यांच्या अक्षरांची, ती देखणी होती म्हणून. आकड्यांनी दोन्ही अक्षरं पुरेशी वाचनीय आहेत हे सांगितलं, आणि पुढचा निर्णय जाणत्या नजरेने घेतला. आपल्या चमूलाही तेवढी मोकळीक द्या. पोस्टर कळतं की नाही हे वाचणारे सांगतील. पण ते कसं दिसावं हा निर्णय त्या कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसाचाच असू द्या.

तसंच, हे आकडे एकेका डिझायनरच्या पगाराला किंवा कंत्राटाच्या मुदतवाढीला जोडू नका. तसं झालं की चाचणीसाठी ओळखीची माणसं निवडली जातील, नापास झालेली पोस्टरं नोंदवहीत येणारच नाहीत, आणि आपण पुन्हा होतो तिथेच येऊ. नापास झालेलं पोस्टर छापण्याआधी सापडणं हे या चमूचं यश मानलं पाहिजे. तेही मोजा: या तिमाहीत चाचणीमुळे किती चुका छपाईआधी पकडल्या गेल्या.

या सगळ्याला खर्च किती? माझ्या अनुभवानुसार, वेळाखेरीज फारसा नाही. चमूतल्या एकाला आठवड्यातला अर्धा दिवस मोकळा द्या. त्याने दवाखान्यात, मंडईत, रिक्षाथांब्यावर, कर भरण्याच्या रांगेत जावं. निवडलेल्या माणसांत वयस्कर असावेत, कमी शिकलेले असावेत, मराठी नव्याने शिकलेले असावेत, चष्मा घरी विसरलेलेही असावेत. काम बाहेरच्या एजन्सीकडे असेल तर निविदेतच दुरुस्ती करा. आज दर ठरतो तो फ्लेक्सच्या चौरस फुटावर नाहीतर पोस्टच्या संख्येवर. त्यात ‘लोकांसमोर चाचणी आणि त्यानुसार सुधारणा’ ही बाब स्वतंत्र दराने घाला. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम कुणी करत नाही. आणि कोणतंही लक्ष्य ठरवण्याआधी आजची स्थिती मोजा. सध्याचं पोस्टर दहापैकी चार जणांना कळत असेल तर पुढच्या तिमाहीचं लक्ष्य सहा ठेवा, त्यापुढचं आठ. पहिल्याच महिन्यात दहापैकी दहा मागितलेत तर आकडे कागदावर येतील, पण ते खरे नसतील.

जे. जे. उपयोजित कला संस्था आणि मुंबई आयआयटीचं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन आपल्याच राज्यात आहेत. राज्यात इतरत्रही कला महाविद्यालयं आहेत आणि तिथल्या विद्यार्थ्यांना खऱ्या प्रश्नांवर काम करायचं असतं. त्यांना चाचण्यांसाठी बोलवा. रस्त्यात उभं राहून अनोळखी माणसाला ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारण्यातून त्यांना जे शिकायला मिळेल ते वर्गात मिळत नाही.

आयुक्त महोदय, माझी मागणी मर्यादित आहे. येत्या पावसाळ्याच्या मोहिमेतलं एकच पोस्टर निवडा. ते छापखान्यात जाण्याआधी वीस नागरिकांना दाखवायला सांगा. किती जणांना कळलं, कुठे चुकलं, काय बदललं, हे एका पानावर मागवा आणि ते पान महापालिकेच्या संकेतस्थळावर लावा. तिमाही संपल्यावर त्या पानाची तुलना पोस्टच्या संख्येच्या रकान्याशी करा. शहराच्या आरोग्याविषयी दोन्हींपैकी कशातून जास्त कळलं, हे आपणच ठरवा आणि पुढच्या वर्षीची उद्दिष्टं त्याप्रमाणे लिहा.

आपली,
एक ग्राफिक डिझायनर आणि नागरिक